पंखा बंद कर

मशीन डावीकडे गेलं. मी नेलं नव्हतं.

हॉलच्या मधोमध, मायच्या खाटेच्या आणि टीव्हीच्या मध्ये, छातीच्या उंचीवर ते छान उभं होतं, काड्यापेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखं घूंऽ करत, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो की जमलं बुवा, आता याला तळहातावर उतरवलं की शिकलो म्हणायला हरकत नाही. तेवढ्यात ते डाव्या अंगाला निघालं. झटका नाही, काही नाही. ओळखीच्या कुणी हाक मारावी तसं सावकाश गेलं, भिंतीवरच्या कॅलेंडरला धडकलं आणि उलटं पडलं. पाती फरशीवर खडखडली आणि थांबली. "पडलं का रे?" माय म्हणाली. ती खाटेवर पदरानं वारा घेत बसली होती, कारण पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. वैशाखातली दुपार, बाहेर गल्लीत कुत्रंही नाही, आणि घरात आम्ही तीन माणसं एका लिंबाएवढ्या वजनाच्या खेळण्यापायी उकडून निघत होतो. "हवा आली कुठून तरी," मी म्हणालो. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वर्षाली, माझी बायको, फसकन हसली. "हवा? ह्या घरात? आमी घामानं डबडबून राह्यलो, अन् तुमच्या मशीनले बरी हवा लागली!" मी वाकून मशीन उचललं. उचलताना बघितलं तर रिमोट धरलेल्या उजव्या हाताचा अंगठा अजून दांडीवरच होता, आणि मी दांडी ढकलत नव्हतो, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

सांगायला पाहिजे की हे खूळ माझ्या डोक्यात घातलं प्रफुल्लनं. मी वर्धेत एका दवाखान्यात रक्त काढतो, बहुतेक लहान मुलांचं; प्रफुल्ल तिथंच लॅबमध्ये ते रक्त तपासतो. त्याला या बारक्या ड्रोनचा नाद. तळहाताएवढा सांगाडा, चार कोपऱ्यांत चार मोटरी, पात्यांभोवती प्लास्टिकची कडी, पोटाखाली बॅटरी. डाव्या अंगठ्यानं वर-खाली करायचं आणि गर्रकन फिरवायचं, उजव्या अंगठ्यानं पुढं-मागं आणि डावी-उजवीकडे न्यायचं, बस. जेवणाच्या सुट्टीत तो ते टेबलाच्या पायांमधून काढायचा आणि आम्ही डबे झाकून ठेवायचो. एक दिवस म्हणाला, "अबे धम्मदीप, तुह्या हातात तं हे लेकरासारखं झोपन. घेऊन जाय घरी. पण घरातच उडवजो, बाहेर नेलं का हवा उचलून नेते. अन् पंखा बंद करून. छताजवळ तं नेऊच नको, छत वर ओढून घेते त्याले." मी खूश झालो. माझ्या हाताचं नाव निघालं की मी खूश होतो, काय लपवायचं. आमच्या गावी, नाचणगावच्या घरी तर हे नेताच आलं नसतं, पलीकडे फौजेचा डेपो, तिथं आकाशात पतंगापेक्षा वेगळं काही दिसलं तर आधी चौकशी आणि मग जेवण. पण आता आम्ही सावंगीला भाड्यानं राहतो, वर पोरं, खाली पोरं, सगळी डॉक्टर व्हायला आलेली, त्यांना आमच्या घरातल्या घूं घूंशी काही घेणं नाही.

माझा हात म्हणजे काय ते सांगतो. नवजात लेकराची शीर दिसत नाही. वजन धड नसलेलं, निळसर, माकडाच्या पिलासारखं लेकरू, त्याचा हात म्हणजे आपलं बोट, आणि त्यात कुठंतरी दोऱ्याएवढी शीर. डोळ्यांनी शोधू नये. बोटाच्या पेरानं दाबून सोडावं, कातडीखाली काहीतरी उसळतं, तिथं जावं. एकदाच जावं. दुसऱ्यांदा टोचायला लागलं की ते लेकरू ज्या तऱ्हेनं रडतं ते ऐकून आईचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. मला दुसऱ्यांदा टोचायला लागत नसे. सिस्टर लोक सलाइन लावायला हरल्या की म्हणायच्या, धम्मदीपले बलवा. डॉक्टरही म्हणायचे. मी हात धुऊन सावकाश जायचो, जरा जास्तच सावकाश, गर्दी बाजूला व्हायची, आणि मी बसलो की त्या कोपऱ्यात एकदम शांत व्हायचं. आयुष्यात मला दुसरं काही येत नाही. पोहता येत नाही, गाता येत नाही, चार लोकांत बोलायला लावलं तर जीभ टाळूला चिकटते. माझ्याकडे एवढंच आहे आणि ते माझ्या उजव्या हातात आहे.

मशीन डावीकडे गेलं त्याच्या आधी दवाखान्यात एक गोष्ट झाली होती. तशी किरकोळ. केळझरची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती, पोराला कावीळ, टाचेतून रक्त घ्यायचं. मी टाच धरली, सुई लावली, आणि सुई जिथं जायची तिथून केसभर बाजूला गेली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी सुई उचलली तेव्हा म्हातारीनं माझ्या हाताकडे बघितलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. मग ती माझ्या आणि लेकराच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "तुमी राहू द्या. दुसऱ्याले बलवा. हा मानूस पेऊन आला वाट्टे." आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे इथं ज्याचा त्याचा हात, पाय, डोळा संशयातच असतो. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. प्रमिला सिस्टर आल्या. वॉर्डाच्या मुख्य, मला लहान भावासारखं वागवणाऱ्या, भाऊबीजेला डबा आणणाऱ्या. त्यांनी मला औषधांच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "झोप झाली नाई का रे?" असं विचारताना त्या माझ्या इतक्या जवळ आल्या की तेवढं जवळ यायचं काही कारण नव्हतं, आणि त्यांनी नाकानं एक लांब श्वास आत घेतला. मला कळलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. "सिस्टर, मी जन्मात थेंब नाही घेतला," मी म्हणालो. "माहीत हाय मले," त्या म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या. "आठवडाभर घरी राह्य. सोमवारी ये, नवजाताच्या वॉर्डातच तुले पाठवतो. पण पुन्हा असं झालं तं मले वर सांगा लागन, धम्मदीप. लेकरं हायत ते."

लेकरं हायत ते. मला हे सांगायची गरज होती? मी त्या दिवशी बसमध्ये उभा राहून आलो, सीट रिकामी असून, आणि उजव्या हातानं वरचा दांडा इतका घट्ट धरला की उतरताना बोटं सोडवेनात. घरी सांगितलं, रजा शिल्लक होती, घेतली. वर्षालीला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. आचल, आमची पोरगी, सुट्टीत नागपूरला मामाकडे गेलेली, म्हणून घर मोकळं. कपाटावरचं मशीन काढलं आणि स्वतःशी ठरवून टाकलं: हे मधोमध उभं राहिलं, माझ्या तळहातावर उतरलं, तर माझ्या हाताला काही झालेलं नाही, म्हातारी खोटी, सिस्टर खोट्या, आणि सोमवारी मी नवजातात जाणार. नाही उभं राहिलं तर जायचं नाही. इतकं साधं. आणि मशीन डावीकडे गेलं.

मग मशीनमध्येच खोट असणार. मला सांगा, दुसरं काय असणार? चिनी माल, प्लास्टिकचा सांगाडा, उष्णतेनं वाकला असेल. मी ते खोललं. मायचं नखं काढायचं नेलकटर, बारीक पेचकस, भिंग. डाव्या मागच्या मोटरीच्या दांड्याला केस गुंडाळलेला होता, लांब, वर्षालीचा, पात्याखाली घट्ट वळसे घेऊन बसलेला. "सापडला!" मी ओरडलो, इतक्या जोरात की माय दचकली. घरात बाईमाणूस असलं की फरशीवर केस असतात, आणि हे मशीन जमिनीवरून उठताना ते ओढून घेतं, मोटर जड होते, मशीन त्या अंगाला झुकतं. किती सोपं कारण होतं! मी चिमट्यानं केस काढला, वर्षालीला दाखवला. "पाह्य, तुह्या पायी माहं मशीन बिघडलं." ती म्हणाली, "आता केसही माहेच का! टक्कल करतो मंग मी." मी म्हणालो, पंखा बंद कर. तिनं केला. मशीन उठलं, उभं राहिलं, मी श्वास रोखला, आणि ते डावीकडे गेलं. मग पाती बदलली. प्रफुल्लकडून नव्या मोटरी आणल्या, जुन्या काढून नव्या डकवल्या. शाईच्या ठिपक्याएवढी जागा, तिथं सोल्डरिंगचं तापलेलं टोक टेकवायचं आणि डाग द्यायचा. डाग पसरला. दुसऱ्या तारेला जाऊन चिकटला. मी तो खरवडला, पुन्हा दिला. कोपर टेबलाला टेकवून, मनगट डाव्या हातानं दाबून दिला, तेव्हा कुठं जमला. पंखा बंद कर. डावीकडे. बॅटरी पोटाखालून जराशी उजवीकडे सरकवून रबरानं बांधली, म्हणजे वजनानं ते उजवीकडे कलेल. पंखा बंद कर. आता कमी, पण डावीकडेच.

प्रफुल्लला फोन केला तर तो म्हणाला, "अबे, ट्रिम दे ना त्याले." रिमोटवर दांडीच्या बाजूला बारकं बटण असतं. मशीन एका बाजूला ओढत असेल तर उलट्या बाजूचं बटण दाबायचं, एकेक टुक टुक आवाज होतो, आणि मशीन तेवढं तेवढं पलीकडे कलायला शिकतं. पुढच्या वेळी आपण काही केलं नाही तरी ते आपण होऊन तिकडे झुकतं. मी उजवीकडचं बटण दाबलं. टुक. उडवलं. टुक टुक. उडवलं. माय म्हणायची, "ते काय टुकटुक लावलं रे?" आणखी एक गोष्ट प्रफुल्लनं सांगितली, लॅपटॉपला मशीन जोडून करायची. दांडी मधोमध असते तिथं थोडी जागा मुकी करून टाकता येते. त्या जागेत अंगठा थोडाफार इकडेतिकडे झाला तरी मशीन ऐकतच नाही. "पण जास्त नको करू," तो म्हणाला, "मशीन बहिरं होते. तुले कायले पायजे म्हणा, ते नवशिक्यायले लागते." मी हो हो म्हणालो आणि ती मुकी जागा वाढवली. दुसऱ्या दिवशी अजून वाढवली. हे करताना डोक्यात कुठंतरी एक आवाज येत होता, अगदी बारीक, की लेका, हे तू काय करून राह्यला. मी त्याला म्हणालो, गप. परीक्षा घ्यायला मीच बसवलेल्या मास्तराला मी रोज दुपारी थोडी थोडी लाच देत होतो, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं तसं ते पुसूनही टाकता येत होतं. माणसाला येतं ते.

दुपारी उडवून झालं की मी घामानं निथळत खुर्चीत बसायचो. एकदा तसाच बसलो होतो आणि माय माझ्याकडे बघत होती. माय बघते तसं नाही. दूरवरून कोण येतंय ते ओळखायचा प्रयत्न करताना बघतात तसं. मला कळेना काय बघते. मग खाली बघितलं. माझा उजवा हात मांडीखाली होता. तळवा खुर्चीवर पालथा, वरून मांडीचं पूर्ण वजन. मी तो कधी तिथं ठेवला? मला आठवेना. मी काढला, चहाचा कप उचलला, ठेवला, काहीतरी बोललो, पाणी भरलं का वगैरे. माय अजून त्या खुर्चीकडेच बघत होती. कारण तसं बसायची सवय आमच्या घरात एकाच माणसाला होती आणि तो माणूस नाचणगावच्या ओसरीत याच तऱ्हेनं, आपल्याच हातावर, वर्षानुवर्षं बसून होता.

माझे बाबा. चिंधू टेलर. ओसरीत शिलाई मशीन, मागं दोरीवर लोकांचे कपडे. काज हातानं करायचे, आणि काज असं की गावातले मास्तर लोक सदरा उलटा करून एकमेकांना दाखवत. मग कधीतरी सुईत दोरा जाईना. आधी डोळ्यांवर गेलं, चष्मा झाला. चष्म्यातून दोरा स्वच्छ दिसायचा, आणि सुईपर्यंत जाऊन बाजूनं निघून जायचा. काजं वाकडी व्हायला लागली. बाबा माणूस कसा, तर पौर्णिमेला विहारात पहिली मेणबत्ती लावायचा मान त्यांचा, पाचही शीलं नुसती म्हणणारे नाही, पाळणारे. पाचवं, दारू न पिण्याचं, तर फारच. आजोबा दारूनं गेले म्हणून बाबांनी लग्नाच्या जेवणातही रंगीत पाण्याला हात लावला नाही. आणि त्याच विहारात, पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांसमोर, मेणबत्ती धरलेला त्यांचा हात थरथरायला लागला. ज्योत वातीला लागेना. एकदा, दुसऱ्यांदा. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, पाचवं शील सांडून राह्यलं वाट्टे. हसू फुटलं. फार नाही, जरासंच. मी त्या गर्दीत मांडी घालून बसलो होतो आणि शेजारच्या माणसाच्या सदऱ्यावरची काजं मोजायला लागलो, दुसरीकडे बघायला जागा नव्हती म्हणून. पुढच्या पौर्णिमेला मेणबत्ती दुसऱ्यानं लावली. गिऱ्हाईक पुलगावच्या टेलरकडे जाऊ लागलं. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, आमच्याकडे तोंडावर म्हणत नाहीत.

पण ते सगळं मी सोसलं असतं. मला जे सोसलं नाही ते मायचं. संध्याकाळी बाबा बाहेरून आले की ही दारात उभी. पाय धुवायला पाणी द्यायच्या आधी तोंड त्यांच्या तोंडाजवळ न्यायची आणि वास घ्यायची. पहिल्यांदा बाबा चिडले होते, तांब्या फेकला होता अंगणात, त्याचा पोचा अजून आहे. "तू बी का वं? तू बी?" म्हणाले होते. मग चिडणं संपलं. मग दारात आले की स्वतःच थांबायचे, चप्पल काढायचे आणि तोंड उघडून उभे राहायचे. "घे. हुंग." ती हुंगायची. आत जाऊन पाणी आणायची. बाबा ओसरीत बसायचे, हातावर. हे मी लहानपणापासून जाणता होईपर्यंत बघितलं, आणि मला मायचा राग आला, असा राग की तो अजून आहे, वय झालं तरी आहे. बाबा गेले त्या दिवशीही मी तिला बोललो. "एकदा तरी विश्वास ठेवाचा होता," म्हणालो, "सारं गाव एकीकडे, तू तरी त्याच्याकडून राहाची." माय रडतही नव्हती. भिंतीकडे बघून म्हणाली, "तुले काय समजते." मी ते उत्तरही मनात धरून ठेवलं. बाबांना काय झालं होतं हे कुणी तपासलंच नाही. मी या धंद्यात आल्यावर मला कळलं, की हे नसांचं दुखणं असतं, अंगठ्यापासून सुरू होतं आणि कधी कधी बापाकडून लेकराकडे येतं. अशा माणसांचं रक्त मी काढतो. मोठ्यांच्या टेबलावर बसलो की येतात, एक हात दुसऱ्या हातानं धरून. मी त्यांना नाव विचारतो, बाही वर करतो आणि त्यांच्या अंगठ्याकडे बघत नाही.

आचलचा फोन येतो, चेहरा दिसतो तसला. परवा ती आंबा खात होती, कोय हातात, रस कोपरापर्यंत, मामीच्या तक्रारी सांगत होती, आणि मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. कोय धरलेला तिचा अंगठा. मला माझीच किळस आली. "पप्पा, तुमी आयकून नाई राह्यले," ती म्हणाली. "आयकतो ना बेटा," मी म्हणालो. फोन डाव्या हातात होता.

रविवारी मशीन उभं राहिलं.

खरंच सांगतो, उभं राहिलं. पंखा बंद, कूलर बंद, माय खाटेवर, वर्षाली भाजी निवडायचं ताट घेऊन जमिनीवर. मी उठवलं, छातीच्या उंचीवर आणलं, आणि ते हवेत खिळा मारून टांगल्यासारखं थांबलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मी वाट बघितली. घाम डोळ्यांत गेला, डोळे मिटले, उघडले, ते तिथंच. मी त्याला खिडकीपर्यंत नेलं, आणलं, मायच्या खाटेवरून नेलं, ती "ओ माय!" म्हणून वाकली आणि हसली, किती दिवसांनी हसली. मग मी डाव्या अंगठ्यानं ते हळूहळू खाली यायला लावलं, डावा हात रिमोटवरून एक क्षण काढून पुढं केला, तळवा वर, आणि ते माझ्या तळहातावर उतरलं. गरम होतं. पाती थांबली. माझ्या छातीत जे झालं त्याला आनंद म्हणतात, मला त्यात काही शंका नाही. "झालं!" मी ओरडलो, "वर्षाली, पाह्यलं का? उद्या ड्यूटीवर जातो मी!" ती हसत होती, माझं बघूनच हसत होती. "बाप्पा, भल्लंच खूश झाले! पोरगी झाली तवा नव्हते झाले एवढे." मग ताट बाजूला सारून उठली, पदराला हात पुसले. "आना, मले द्या. आठवडाभर उकडून मेलो आमी, एक डाव तं मलेही पाहू द्या." मी देणार नव्हतो. पण खुशीत होतो, दिलं. कुठला अंगठा कुठं ते सांगितलं. तिचे हात भाजीनं हिरवे झालेले, थंड, आणि दगडासारखे स्थिर. ते मला तेव्हाच दिसलं.

तिनं उठवलं. जमिनीवरून वीतभर वर आलं आणि मशीन उजवीकडे गेलं. सावकाश, थेट, दाराच्या चौकटीला धडकलं, पडलं. "अगंबाई!" ती म्हणाली, "मी तं काहीच नाई केलं." "पुन्हा उडव," मी म्हणालो. पुन्हा उजवीकडे. "उजवा अंगठा काढून घे. दांडीला हातच लावू नको." तिनं अंगठा उचलून धरला, मला दाखवला, हवेत. फक्त डाव्यानं उठवलं. मशीन उठलं आणि आपण होऊन उजवीकडे गेलं, मी त्याला शिकवलं होतं तसं, टुक टुक करून, बॅटरी सरकवून, अर्धी दांडी बहिरी करून. माझ्या हातात ते सरळ उभं राहात होतं, कारण माझा अंगठा त्याला सगळा वेळ डावीकडे ढकलत होता. मशीन सुरुवातीपासून चांगलं होतं. मी चांगल्या मशीनला वाकडं केलं होतं, माझ्या हाताच्या मापाचं. वर्षाली माझ्याकडे बघत होती. तिला यातलं यंत्राचं काही कळलं नसेल, पण माझं तोंड तिला वाचता येतं. "हवा आली असन कुठून तरी," ती म्हणाली, हळू. माझंच वाक्य मला परत दिलं. पंखा बंद होता. मी खुर्चीत बसलो. उद्या सकाळी प्रमिला सिस्टर नवजाताचं दार उघडून देतील, आत पेट्यांमध्ये ती निळसर लेकरं, आणि मी सुई घेऊन. नाही. मी नाही जाणार. हे स्वच्छ कळलं, आणि एक आवाज आला तो माझाच होता, मी हुंदका दिला होता, बायकोसमोर, आईसमोर.

माय खाटेवरून उठली. तिला उठायला वेळ लागतो, गुडघे धरून, भिंत धरून. माझ्यापुढं आली. मला वाटलं हात बघेल, हात मांडीखाली होता. तिनं हात बघितलाच नाही. ती वाकली, माझ्या खांद्यावर भार दिला आणि तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं. तिच्या तोंडाला सुपारीचा वास. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. इतक्या वर्षांचा तो सगळा राग एकदम वर आला. "माय, आता माह्यासंगही?" मी म्हणालो. "आ कर," ती म्हणाली. "आ कर, बाबू." आणि मी काय केलं? तोंड उघडलं. बाबांसारखं. घे. हुंग. तिनं डोळे मिटून श्वास घेतला, लांब, मग पुन्हा एकदा, पहिल्या वेळी काही राहून गेलं असेल म्हणून. मग तिचे खांदे पडले. "नाई," ती म्हणाली. खाली फरशीवरच बसली, मशीनच्या शेजारी. "काय नाई, आत्याबाई?" वर्षाली म्हणाली. "वास नाई वं. ह्याच्या बाबालेही कधीच नव्हता. मी रोज पाहो. रोज वाटे, आज तं येईन वास. आज तं दारू निंगन." ती पदरानं तोंड दाबून बोलत होती. "दारू असती तं सोडवली असती वं मी. पाय धरले असते, आण घातली असती, भांडली असती, सारं गाव गोळा केलं असतं. दारू सुटते. हे कसं सोडवू? कोनाच्या पाया पडू?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. मेलेल्या बापाची बाजू घेऊन मी जिच्याशी भांडत आलो ती ही बाई. ती दारात उभी राहून वास घ्यायची ते दारू सापडावी म्हणून. सारं गाव म्हणत होतं ते एकदा तरी खरं निघावं म्हणून. आणि रोज संध्याकाळी, बाबा तोंड उघडून उभे असताना, तिला कळायचं की आजही नाही. माय म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. वर्षाली माझ्याजवळ येऊन उभी होती, तिनं हिरवा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तिलाही सगळं कळलं होतं, आता कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं. मायनं नाक पुसलं. "पंखा लाव वं बाई," ती वर्षालीला म्हणाली, "लेकराले घाम आला." वर्षालीनं पंखा लावला. वारा आला, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, ताटातली भाजीची पानं उडाली आणि खाली पडलेलं मशीन फरशीवरून थोडंसं सरकलं. मी उजवा हात मांडीखालून काढला आणि मांडीवर ठेवला, दोघींना दिसेल असा.